कोमट पाणी

लोकरबाईचा राग नाकाच्या शेंड्यावर असे, पण तो यायचा एकाच कारणाने. कुणी लोकरीचा कपडा पिळला की संपलंच. मग समोर आया असो नाहीतर खुद्द डॉक्टर असो, ती हातातला कपडा हिसकावून घ्यायची आणि विचारायची, तुमची मान अशी पिळली तर चालेल का? वृद्धाश्रमाच्या धुलाईखोलीत तिला वीस वर्षं झाली होती. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत तेवढं उरलं होतं. बाकी सगळ्यांची ती लोकरबाई, आणि हे नाव ठेवणाऱ्याने काही खोटं ठेवलं नव्हतं.

धुलाईखोली तळघरात होती. तिथे दोन मोठी मशिनं दिवसभर चादरी, अभ्रे, टॉवेल आणि लघवीचे कपडे उकळत्या पाण्यात घुसळत असत. चादरीला ते ठीक आहे. पण म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर हाताने विणलेलं काही ना काही असतंच. कुणाचा स्वेटर बायकोने विणलेला, कुणाची शाल मुलीने, कुणाचे मोजे बहिणीने. विणणाऱ्या बहुतेक जणी केव्हाच गेलेल्या. चादर फाटली तर दुसरी येईल, पण हे फाटलं तर विणणारी कुठून आणायची, असा लोकरबाईचा सवाल होता. म्हणून तिने कोपऱ्यात एक वेगळी मोरी आणि तीन निळे टब आपल्या ताब्यात घेतले होते. त्या टबांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा तिचा कायदा.

तिचं धुणं बघण्यासारखं असायचं. स्वेटर आधी उलटा करायचा. कोपर पाण्यात बुडवून बघायचं. गरमही लागता कामा नये आणि गारही. त्यात केसांचा शाम्पू दोन चमचे, त्याहून थेंब जास्त नाही. कपडा घासायचा नाही, चोळायचा नाही, नुसता दाबायचा आणि सोडायचा. मग तेवढ्याच कोमट पाण्यातून तीनदा काढायचा, टॉवेलात गुंडाळून वरून हातांनी दाबायचा आणि जाळीवर सपाट पसरून, बाह्या सरळ करून, वाळत ठेवायचा. टांगायचा तर मुळीच नाही. तिचा नवरा म्हणायचा, बाई गं, तीस वर्षांच्या संसारात माझ्या शर्टाला तू एवढं कधी गोंजारलं नाहीस. त्यावर ती म्हणायची, तुमचा शर्ट दुकानातला आहे.

हे सगळं ती आईकडून शिकली. आई म्हणायची, लोकर म्हणजे तापातलं माणूस, तिला गरमातून एकदम गारात नेऊ नये. आई गेली तेव्हा लोकरबाईला पोचायला दोन दिवस लागले. तेवढ्यात भावजयीने घर आवरायला घेतलं आणि आईने विणलेले चारही स्वेटर स्वच्छ करून ठेवावेत म्हणून मशिनात उकळत्या पाण्यात टाकले. बाहेर निघाले ते बाहुलीला बसतील एवढे, पुठ्ठ्यासारखे कडक. भावजय बिचारी रडली. मनाची ती वाईट नव्हती, म्हणून तर लोकरबाईला तिच्यावर धड रागावताही आलं नाही. तो राग जिरलाच नाही. उकळतं पाणी आणि लोकर हे दोन शब्द एका वाक्यात आले की अजूनही तिच्या कपाळाची शीर उडायची.

वरच्या मजल्यावर खिडकीजवळच्या पलंगावर मास्तरीणबाई राहत. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत शिकवलं होतं. आता डोक्यातली पाटी बरीचशी पुसली गेली होती. जेवण झालं की नाही ते आठवायचं नाही, आजचा वार आठवायचा नाही, पण अंगातला गडद निळा स्वेटर मात्र पक्का आठवायचा. तो त्यांच्या ताईने विणलेला होता. ताईला जाऊन बारा वर्षं झाली होती. मास्तरीणबाईंच्या हिशेबी ती बाजारात गेली होती आणि एवढ्यात येणार होती. स्वेटरवर पुढून तीन वेण्या होत्या आणि मधल्या वेणीचा एक पेड उलट्या बाजूने वळलेला होता. ताई विणता विणता बोलायला लागली की चुकायची म्हणे. मास्तरीणबाई दिवसातून दहा वेळा त्या पेडावर बोट ठेवायच्या आणि हसायच्या, "इथे चुकली."

दर सोमवारी लोकरबाई स्वतः वर जाऊन तो स्वेटर घ्यायची. मास्तरीणबाई घडी घालून तिच्या हातात द्यायच्या आणि दर वेळी तेच सांगायच्या, "कोमट पाण्यात हं, पोरी. गरम पाण्याने आटतो." लोकरबाई चोपन्न वर्षांची होती. धुण्यातलं दुसऱ्या कुणी शिकवलं असतं तर तिने त्याचं तोंड बंद केलं असतं. पण इथे ती पहिलीतल्या मुलीसारखी मान डोलवून हो मास्तरीणबाई म्हणायची. मंगळवारी संध्याकाळपर्यंत स्वेटर परत. तो एक दिवस कसाबसा निघायचा.

मास्तरीणबाईंच्या शेजारी दुपारी बाकावर घड्याळवाले आजोबा येऊन बसत. जन्मभर त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती. आता हात थरथरायचे आणि साखरेच्या आजाराने बोटं कायम गार असायची. मास्तरीणबाई आपल्या स्वेटरचा घेर ओढून त्यांच्या हातांवर घालायच्या आणि दोघं तसेच खिडकीबाहेर बघत बसायचे. आया चिडवायच्या तेव्हा आजोबा म्हणायचे, या वयात बदनामी झाली तर ती कमाईच समजायची.

मग थंडी ऐन भरात असताना खरूज आली.

आधी ती मास्तरीणबाईंच्या हातांवर दिसली. बोटांच्या बेचक्यांत जाड पापुद्रे धरले होते. कातडी कोरडी पडली असेल म्हणून पंधरा दिवस नुसतं तेल चोळण्यात गेले, आणि तोवर अर्धा मजला खाजवायला लागला. डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं आणि मान हलवली. मोठ्या सिस्टरनी सगळ्यांना जेवणघरात बोलावलं. त्या वयाने लोकरबाईपेक्षा दहा वर्षांनी लहान होत्या, पण शब्दाच्या पक्क्या. हुकूम सरळ होता. एकाच दिवशी सगळ्यांना मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत मलम लावायचं, एकही माणूस सुटता कामा नये. त्याच दिवशी अंगावरचं, अंथरुणातलं सगळं उकळायचं. जे उकळता येत नाही ते जाळायचं.

लोकरबाई उभी राहिली. जाळायचं म्हणजे काय, असं तिने विचारलं आणि मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. अकरा जणांचे हातचे कपडे आहेत, अकरा घरांतल्या बायांनी डोळे फोडून विणलेत, ते काय कचरा आहेत? तिने डॉक्टरांनाच मध्ये घेतलं. हा किडा माणसाच्या कातडीवाचून जगतो का? डॉक्टर म्हणाले, नाही. मग कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवले तर? डॉक्टर म्हणाले, उपाशी मरेल. एरवी तीन-चार दिवस पुरतात. पण मास्तरीणबाईंची खरूज साधी नाही, पापुद्र्यापापुद्र्यात हजारो किडे आहेत, तेव्हा सात दिवस धरा.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "सात दिवस. एक तास कमी नाही. जबाबदारी तुमची, लोकरबाई."

"माझी," ती म्हणाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा तिला ते जिंकल्यासारखं वाटलं. तिने अकरा पिशव्या बांधल्या, प्रत्येकीवर जाड पेनाने नाव आणि उघडायची तारीख लिहिली आणि धुलाईखोलीच्या फळीवर ओळीने मांडल्या. मास्तरीणबाईंच्या अंगातला स्वेटर काढायला तिघी लागल्या. त्यांनी कुणाच्या हातावर ओरखडा काढला, कुणाला छडी आणायची धमकी दिली. शेवटी लोकरबाईने हात पुढे केला आणि धुवायला द्या म्हणाली, तेव्हा कुठे त्यांनी तो काढून दिला. कोमट पाण्यात हं, असंही सांगितलं.

पहिल्या दिवशी त्या स्वेटरची वाट बघत बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी जेवण नाकारलं. आश्रमाने त्यांना दुकानातला जाड, मऊ, पिवळा स्वेटर दिला होता. तो घातला की त्या काढायच्या, पुन्हा घातला की पुन्हा काढायच्या आणि नुसत्या पातळ गाऊनवर, दोन्ही हात काखेत घालून, खिडकीशी बसायच्या. खिडकीच्या काचेला आतून दव धरलं होतं. अंगावरून कुणी पांघरूण घातलं तर ते जमिनीवर. ताई आली का, एवढंच त्या विचारत. घड्याळवाले आजोबा शेजारी येऊन बसले, तर हात कशात घालू म्हणून दोघंही गोंधळले.

तिसऱ्या दिवशी दुपारी लोकरबाई वर गेली तेव्हा मास्तरीणबाईंचे ओठ जांभळे पडले होते. सुपाचा वाडगा सायीसकट तसाच होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि अगदी हळू, तक्रार न करता म्हणाल्या, "पोरी, तू हरवलास का गं स्वेटर? हरवला असशील तर सांग. मी ताईला सांगणार नाही."

जन्मात तिने एक मोजाही हरवला नव्हता. ती तळघरात आली आणि फळीसमोर उभी राहिली. पिशवीवर तिच्याच अक्षरात चार दिवस पुढची तारीख होती. माणूस एकदा मनाशी ठरवून बसला की कारणं रांग लावून उभी राहतात. तीन दिवस तर झालेच आहेत. डॉक्टरही तीन-चार म्हणाले होते. सात काय, जास्तीची खबरदारी म्हणून सांगतात हे लोक. आणि आपण तो असाच थोडाच देणार आहोत? धुऊन देणार. वीस वर्षांत आपण धुतलेल्या कपड्यातून कुणाला कधी काही झालेलं नाही. चांगला दोनदा धुऊ.

तिने पिशवी उघडली. स्वेटर दोनदा धुतला, कोपराने पाणी बघून, शाम्पू घालून, दाबून, सोडून. बाहीच्या दुमडीत पांढरट पापुद्र्यांचा कोंडा अडकला होता तोही तिने बोटांनी अलगद काढला. बॉयलरच्या वर जाळी बांधून रातोरात वाळवला आणि चौथ्या दिवशी सकाळी वर नेला. फळीवर पिशवी रिकामी दिसू नये म्हणून तिने तीत एक जुना टॉवेल घालून तोंड बांधलं. हे करताना आपण काय करतोय ते तिला कळत होतं. तरी तिने ते केलं.

मास्तरीणबाईंनी स्वेटर घातला, बोट उलट्या पेडावर ठेवलं आणि म्हणाल्या, इथे चुकली. मग वाडगाभर सूप प्याल्या. मोठ्या सिस्टरनी विचारलं तेव्हा लोकरबाईने सांगितलं, हा दुसरा, तसाच दिसणारा, जुन्या सामानात सापडला. सिस्टरना शंभर कामं होती. त्यांनी मान डोलवली. दुपारी बाकावर घड्याळवाल्या आजोबांचे हात पुन्हा निळ्या घेराखाली गेले आणि लोकरबाई ते दारातून बघून समाधानाने खाली आली.

आता सांगायला हवं ते असं, की लोकर कोमट पाण्यात जगते तसा तो किडाही जगतो. त्याला मारायला पाणी हात भाजेल इतकं लागतं, नाहीतर उपासमार. लोकरबाईला हे माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. मोठ्या सिस्टरनी जेवणघरात हे सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. पण आपल्या हातच्या धुण्यावर तिचा इतका विश्वास होता की ते ऐकताना तिला वाटलं, हे मशिनवाल्यांसाठी आहे.

दोन आठवड्यांनी वरचा मजला पुन्हा खाजवायला लागला.

मोठ्या सिस्टर खवळल्या. एवढं सगळं केलं, मग कुठे राहिलं? त्यांनी एकेकाला बोलावून विचारलं. लोकरबाईलाही विचारलं, पिशव्या पूर्ण सात दिवस बंद होत्या का? आणि लोकरबाई, जी उभ्या आयुष्यात कुणाला भिऊन खोटं बोलली नव्हती, ती म्हणाली, होत्या. सगळ्या? सगळ्या.

संशय गेला नव्या आयेवर. ती तीनच महिन्यांपूर्वी लागली होती आणि म्हाताऱ्यांच्या अंगाला हात लावताना अजून बिचकायची. तिने मलम नीट लावलं नसणार, पाठी आणि काखा सोडल्या असणार, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. ती रडून सांगत होती की मी बोटांच्या नखांखालीसुद्धा लावलं. कुणी ऐकलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. चौथ्या दिवशी ती आपली पिशवी घेऊन गेली, जाताना धुलाईखोलीच्या दारात थांबली आणि लोकरबाईला म्हणाली, मावशी, तुम्ही तरी बोला ना माझ्या बाजूने. लोकरबाई टबात हात घालून उभी होती. बघते, म्हणाली.

ती बोलली नाही. आज बोलू, उद्या बोलू म्हणत दिवस गेले. खरं सांगायचं तर तिला नोकरीची भीती नव्हती. आपल्या हातून असं झालं हे मोठ्याने म्हणायची तिची जीभच वळत नव्हती. ती जास्त चिडचिड करायला लागली. एका आयेने मोजे पिळले तर तिने नेहमीचा मानेचा सवाल काढला आणि तो अर्धाच टाकून टबाकडे वळली.

मधल्या काळात घड्याळवाल्या आजोबांनी खाजवून खाजवून मनगटं फोडून घेतली होती. साखरेचं अंग, जखम भरेना. आधी मनगट लाल झालं, मग हात कोपरापर्यंत सुजला, मग ताप चढला. त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा ते शुद्धीवर होते आणि स्ट्रेचर उचलणाऱ्याला म्हणाले, सावकाश, हे घड्याळ जुनं आहे. सहाव्या दिवशी ते गेले. रक्तात विष पसरलं, असं डॉक्टरांनी लिहिलं.

त्यांची मुलगी सामान न्यायला आली. पन्नाशीची, शांत बाई. सामान दोन पिशव्यांत मावलं. आजोबांचं करडं जाकीट, समोरून बटणांचं, हातचं, फळीवर धुऊन घडी घालून ठेवलेलं होतं; ते आपल्या पिशवीत पूर्ण सात दिवस राहिलं होतं आणि त्यानंतर आजोबांनी ते अंगात घातलंच नव्हतं, म्हणून निरोगी होतं. ते देण्याकरता लोकरबाईला वर बोलावलं. मुलीने जाकीट हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

"आईने विणलं होतं हे," ती म्हणाली. "पंचवीस वर्षं झाली असतील, आणि बघा, एक टाका हललेला नाही. बाबा फोनवर सांगायचे, इथे एक बाई आहे, ती माणसापेक्षा कपड्याला जास्त जपते. तुमचे उपकार कसे फेडू?"

तिने लोकरबाईचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले. पाण्यात राहून राहून सुरकुतलेले ते हात लोकरबाईला सोडवून घेता येईनात. ती जाकिटाच्या बटणांकडे बघत राहिली. दुःखाने असेल, असं मुलीला वाटलं आणि तिने उलट तिचीच समजूत घातली.

मुलगी फाटकाबाहेर जाताच लोकरबाई तशीच मोठ्या सिस्टरच्या खोलीत गेली. सिस्टर काहीतरी लिहीत होत्या.

"निळा स्वेटर दुसरा नव्हता," ती म्हणाली. "तोच होता. मी पिशवी तिसऱ्या दिवशी उघडली."

सिस्टरनी पेन खाली ठेवलं.

"धुतला होतात?"

"हो. दोनदा."

"कशात?"

लोकरबाईने मान खाली घातली. "कोमट पाण्यात."

"म्हणजे किड्यांना अंघोळ घातलीत," सिस्टर म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी तिच्यासमोरच नव्या आयेला फोन लावला. पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही, पण सिस्टर दोनदा माफ कर म्हणाल्या आणि फोन ठेवून म्हणाल्या, ती इथे परत पाऊल टाकणार नाही. मग त्या म्हणाल्या की आजोबांच्या मुलीला पत्राने कळवावं लागेल, तुमच्या नावासकट. लोकरबाई म्हणाली, घाला नाव, खरं नाव घाला. ते पत्र गेलं. त्याचं उत्तर कधी आलं नाही.

"मला काढून टाका," लोकरबाई म्हणाली.

"काढायचं की नाही ते वरचे ठरवतील. तोवर मजला खाजवतोय. उद्या पुन्हा सगळ्यांना मलम. आता पिशव्या नाहीत, लोकरबाई. माझा कुणाच्या मोजण्यावर विश्वास उरला नाही. सगळं मशिनात."

"मी टाकते," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला सांगू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पलंगापलंगाशी जाऊन दहा लोकरीचे कपडे गोळा केले. कुणी काही विचारलं नाही. लोकरबाई नेते म्हणजे चांगल्या हातात जातंय, अशी वीस वर्षांची सवय. शाली, मोजे, कानटोप्या, सगळ्यांनी हसतमुखाने दिल्या. मास्तरीणबाईंनी स्वेटर काढून घडी घातली, तिच्या हातात ठेवला आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. लोकरबाईने हो म्हटलं. त्या वाक्याला हो म्हणून ती पहिल्यांदाच खोटं बोलली.

तिने मशिनाचं दार उघडलं, एकेक कपडा आत टाकला, काटा उकळत्यावर फिरवला आणि बटण दाबलं. मग स्टूल घेऊन काचेसमोर बसली. पाठ फिरवून बसता आलं असतं, पण तिने तसं केलं नाही. आधी रंग वेगवेगळे दिसत होते, मग फेस झाला, मग सगळ्याचा एक गोळा होऊन तो काचेवर धप्प धप्प आपटायला लागला. तिला भावजय आठवली. बिचारीने निदान न कळून केलं होतं. मशिन सव्वा तास चाललं आणि ती सव्वा तास तिथे बसली.

वाळल्यावर ती ते सगळं वर घेऊन गेली आणि ज्याचं त्याला परत दिलं. कुणी रडलं, कुणी शिव्या दिल्या, एका आजोबांनी आकसलेली कानटोपी मुठीत धरून भिंतीकडे तोंड फिरवलं. तिने कुणालाही कारण सांगितलं नाही, नुसतं मी केलं म्हणून सांगितलं. मास्तरीणबाईंकडे ती सगळ्यात शेवटी गेली.

त्या खिडकीशी बसल्या होत्या, पिवळा स्वेटर जमिनीवर, शेजारची जागा रिकामी. लोकरबाईने निळा स्वेटर त्यांच्या मांडीवर ठेवला. पाच वर्षांच्या मुलाला बसेल एवढा झाला होता तो, जाड आणि ताठ. मास्तरीणबाईंनी तो उचलला, फिरवून पाहिला. लोकरबाई शिव्यांची वाट बघत उभी राहिली. मास्तरीणबाईंनी पुढच्या वेण्या चाचपल्या. एकमेकींत रुतल्या होत्या, तरी बोट बरोबर जागेवर गेलं. मधल्या वेणीचा उलटा पेड तिथेच होता.

त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, हा माझा लहानपणचा," त्या म्हणाल्या. "ताईने पहिला विणला तो. तेव्हाही इथेच चुकली होती. कुठे सापडला तुला?"

मास्तरीणबाईंनी बाहीत हात घालायचा प्रयत्न केला. मनगटाच्या पुढे हात जाईना. त्यांनी दुसऱ्या बाहीने करून पाहिलं. मग तो छातीशी धरला, पण तेवढ्याने पाठ उघडीच राहत होती आणि खांदे थरथरत होते.

"मी मोठी झाले ना," त्या शेवटी म्हणाल्या. "मोठा विणायला सांगते ताईला. येईलच ती आता. तोवर हा जपून ठेवायला हवा."

त्यांनी त्या ताठ कपड्याची घडी घालायचा प्रयत्न केला. घडी बसेना, तरी त्यांनी बाह्या जमतील तशा आत वळवल्या आणि तो दोन्ही हातांनी लोकरबाईपुढे धरला.

"धुऊन ठेव," त्या म्हणाल्या. "कोमट पाण्यात हं, पोरी. गरम पाण्याने आटतो."

लोकरबाईने तो घेतला. "हो मास्तरीणबाई," ती म्हणाली, आणि खाली जाऊन तिने निळ्या टबात पाणी सोडलं, कोपर बुडवून पाहिलं आणि तो धुवायला घेतला.